रिकामा परत गेलेला डबा

आमच्या निरवांगीहून सकाळी बारामतीला यायची त्या एसटीत माणसांइतकेच डबे असायचे. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर, जुन्या धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या फडक्यात बांधलेले. आमच्या भागातली पोरंपोरी बारामतीत कॉलेजला राहायची आणि त्यांच्या आया गावात बसून त्यांना रोज जेवायला घालायच्या, ते या गाडीच्या भरवशावर. स्टँडवर जायचं, फडक्यावरून आपला डबा ओळखायचा, दुपारी जेवायचं आणि परतीच्या गाडीने डबा माघारी पाठवायचा. एवढ्या डब्यांमधून कधी कुणाची अदलाबदल झाल्याचं मला आठवत नाही.

आजारपणाचं लिहायला बसले आणि सुरुवात डब्यापासून केली, याचं नवल वाटेल. पण माझ्या आजाराची गोष्ट दवाखान्यापेक्षा या डब्यातूनच जास्त घडली, त्याला मी तरी काय करू?

आजार फिटचा. डॉक्टर अपस्मार म्हणतात. आमच्याकडे फेफरं म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. इतरांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांनी कृपा करून हळहळू नये. हळहळ मला पुष्कळ मिळाली आहे.

*

आमचे आजोबा मेंढरं घेऊन दर वर्षी कोकणाकडे उतरायचे. माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, ती भटकंती बंद करून नीरेच्या काठाला ऊस केला. चार मेंढरं तेवढी सवयीने दारात ठेवली होती. बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी त्यांना पाला टाकत होते. तिथपर्यंतचं मला आठवतं.

फिट येणाऱ्या माणसाला स्वतःची फिट कधी दिसत नाही. ती बाकीचे बघतात आणि आपल्याला त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज करावा लागतो. मी शुद्धीवर आले तेव्हा नाकात कांद्याचा वास होता, ओठांवर चपलेची माती होती आणि मुठीत कुणीतरी विळा दाबला होता. जीभ चावली गेली होती. सगळी गल्ली दारात उभी होती आणि आई सगळ्यांना ओरडून सांगत होती, "ऊन लागलंय पोरीला, ऊन! जावा बघू घरला."

ते ऊन मग पावसाळ्यातही लागलं. तेव्हा तात्यांनी बारामतीच्या डॉक्टरांना गाठलं आणि त्यांनी तपासणीसाठी पुण्याला पाठवलं. तिथे डोक्याला काहीतरी चिकट लावून तारा जोडल्या. दुखलं नाही, पण ते चिकट केसांतून निघता निघेना. परत येताना एसटीत आई सगळा वेळ माझे केस हाताने सोडवत होती.

बारामतीच्या डॉक्टरांनी कागद बघून नाव सांगितलं. गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील, चुकवायच्या नाहीत. झोप मोडायची नाही, उपाशी राहायचं नाही, विहिरीच्या कडेला आणि चुलीपुढे एकटीने बसायचं नाही. "बाकी सगळं करता येतं. शिकताही येतं," ते म्हणाले. मला हसू फुटणार एवढ्यात तात्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे कुणाला कळल्याबगर ऱ्हाईल का?"

"का? कळलं तर काय होतं?"

"हिच्या पाठीवर दोन पोरी हायती."

बाहेर पडल्यावर रसवंतीच्या बाकड्यावर बसून तात्यांनी मला शांतपणे सांगितलं, "शीक. मी आडवत न्हाय. पर ज्या दिवशी ही गोष्ट कॉलेजात फुटंल, त्या दिवशी घरी. डोक्याच्या रोगानं गोल फिरणारं मेंढरू कळपात ठेवत न्हाईत, लोक सगळ्या कळपाला नावं ठेवत्यात." तात्या वाईट नव्हते. त्यांना मेंढरं कळत होती आणि लोकही कळत होते. मला मात्र त्या दिवशी आजारापेक्षा त्या वाक्याची भीती बसली, आणि ती गोळ्यांनी जाणारी नव्हती.

*

मी सायन्सला गेले. हट्टानेच म्हणा ना. वसतिगृहात राहू लागले आणि गोळ्या पावडरच्या डब्यात ठेवू लागले. डॉक्टरांनी एक सांगितलं होतं, की प्रयोगशाळेत बर्नर असतो, ॲसिड असतं, तेव्हा तिथल्या एका तरी माणसाला सांगून ठेव. मी रसायनशास्त्राच्या कदम सरांना निवडलं. ते मुलांवर ओरडायचे नाहीत, एवढंच कारण.

"सर, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या," मी म्हणाले.

"अगं, हे काय सांगायला पाहिजे?" सर म्हणाले. आणि खरोखर त्यांनी किती सुरेख सांभाळलं! मला दाराजवळचं टेबल दिलं. जोडीला रोहिणी दिली आणि तिला सांगितलं, "बर्नर तू बघायचा, हिशोब ही करेल. हिचं गणित चांगलं आहे." रोहिणीला वाटलं, माझ्या गणिताचा मान ठेवला. दोन वर्षं ती बर्नर बघत राहिली.

रोहिणी कॅनॉलच्या कडेच्या मळ्यातली. घरची वांगी-मिरची-लिंबाची बाग, ती सायकलवरून यायची. दुपारी आम्ही चौघी कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात डबे उघडून बसायचो. माझ्या डब्यात आई चौघींचं जेवण भरायची. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं बरणीत घट्ट झाकून. ‘पोरीला मैत्रिणी हायत’ हे आईला इतकं अपूर्वाईचं होतं, की तिने त्या भाकरी थापताना ते गावाला ऐकवलं असणार.

आणि रिकामं भांडं माघारी धाडायचं नसतं, हे रोहिणीच्या घरचं वळण. ती माझा डबा धुऊन त्यात रोज काहीतरी टाकायची. दोन लिंबं, मूठभर मिरच्या, कधी एखादं काटेरी वांगं. मी हसायचे तर म्हणायची, "तू गप गं, ही आमची आणि तुझ्या आईची देवघेव हाय." दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं. फिट या दोन वर्षांत आली ती घरी, सुट्टीत. कॉलेजात एकदाही नाही. मी विसरायला लागले होते.

*

शेवटच्या वर्षी मी चुलतभावाच्या लग्नाला गावी गेले. परत आले त्या दिवशी दुपारी व्हरांड्यात डबा उघडला. कुणीच हात पुढे केला नाही. एकीला भूक नव्हती, दुसरीला उपास होता. रोहिणीने आपला डबा आपल्या मांडीवर ठेवला होता आणि ती भाकरीकडे बघून जेवत होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"कुठं काय? काय न्हाय."

डबा धुवायला ती उठली नाही. मीच धुतला. संध्याकाळी तिला सायकलपाशी गाठलं आणि हँडल धरून उभी राहिले. तेव्हा ती म्हणाली, "कदम सरांनी वर्गात सांगितलं. तुला फिट येती म्हणून. आली तर काय करायचं, ते शिकवलं सगळ्यांना. हात-पाय धरायचं न्हाईत, तोंडात काय घालायचं न्हाय, कुशीवर वळवायचं." मग खाली बघत म्हणाली, "मी घरी बोलून गेले. आई म्हणाली, हातातलं खाऊ नको. लागतं म्हणत्यात."

"लागत नाही."

"मला म्हाईत हाय. सरांनी ते बी सांगितलं," ती म्हणाली आणि सायकल ओढून निघून गेली.

सरांनी काय केलं ते नीट समजून घ्या, कारण असंच तुमच्याही बाबतीत होऊ शकतं. त्यांनी चहाटळपणा केला नाही. आमच्याकडे वर्ग म्हणजे एक घर, आणि घरातल्या आजाऱ्याची काळजी सगळ्यांनी मिळून घ्यायची, ही रीत. त्यांनी ती पाळली. माहितीसुद्धा अगदी बरोबर दिली, कांदा नाही, चप्पल नाही. चूक एवढीच झाली, की ती गोष्ट त्यांची नव्हती. पण हे मला तेव्हा असं नीट मांडता येत नव्हतं. तेव्हा नुसता जळजळीत राग होता आणि रसवंतीच्या बाकड्यावरचं तात्यांचं वाक्य होतं.

घरी कळलं तर शिक्षण संपलं. म्हणून डबा अर्धा परत जाता कामा नये. मी रोज एकटीने बसायचे, मला जाईल तेवढं खायचे आणि उरलेलं वसतिगृहाच्या मागे कुत्र्यांना घालायचे. आईने पहाटे उठून थापलेल्या भाकऱ्या! त्या वेळी कुणी बघत असतं तर मी मेले असते. कुत्री मात्र मला बघून शेपट्या हलवायची. बारामतीत त्या दिवसांत माझी वाट बघणारी तेवढीच होती.

डबा स्वच्छ घासून मी गाडीत ठेवायचे. आई रोज चौघींचं भरून पाठवत राहिली, तेव्हा मला वाटलं, जमलं बाई आपल्याला.

*

वसतिगृहातल्या कुणाच्या तरी वडिलांनी तक्रार केली. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"आम्ही माणुसकीनेच बघतोय," ते म्हणाले. "पण प्रात्यक्षिक परीक्षेत बर्नरपाशी काही झालं तर जबाबदार कोण? परत फिट येणार नाही, असा डॉक्टरांचा दाखला आण."

"सर, दोन वर्षं मी प्रात्यक्षिकं केली आहेत."

"तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं."

ही गोष्ट कुणी फोडली, कशी फुटली, हे त्यांनी विचारलं नाही. मीच काहीतरी लपवल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

डॉक्टर म्हणाले, "असा दाखला मी स्वतःबद्दलसुद्धा देऊ शकत नाही." मी उपचार घेते, मी शिकू शकते, परीक्षा देऊ शकते, एवढं त्यांनी लिहून दिलं. प्राचार्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं. त्यांना दुसरंच हवं होतं. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, अपंगांसाठी दिल्लीत नवीन कायदा झाला आहे, पण त्यात जी अपंगत्वं मोजली आहेत त्यांत तुझा आजार नाही. म्हणजे मी अपंग नव्हते, म्हणून मला हक्क नव्हता. धडधाकट नव्हते, म्हणून मला टेबल नव्हतं. मी हसले तेव्हा डॉक्टरांनी मला पाणी दिलं.

त्यानंतर माझी झोप गेली. जेवणावरची वासनाही गेली, सगळा डबा कुत्र्यांना जाऊ लागला. झोप आणि अन्न, नेमक्या याच दोन गोष्टी सांभाळायला सांगितल्या होत्या. एका दुपारी कॉलेजच्या जिन्यात मी पडले, आणि एक फिट संपते न संपते तोवर दुसरी आली.

*

शुद्ध आली तेव्हा वर पंखा होता आणि फिनेलचा वास येत होता. कपाळाला टाके होते. आई उशाशी स्टुलावर बसली होती. ती कधी आली, कशी आली, काही माहीत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं आणि पहिला विचार आला तो हा, की आता हिला कळलं. संपलं.

दवाखान्याचे दिवस एकमेकांसारखे असतात. झाडलोट, सलाईन, गोळ्या, डॉक्टरांची फेरी, की पुन्हा भिंत. शेजारच्या खाटेवर मांडी मोडलेली इंदापूरची एक म्हातारी होती. तिने विचारलं, "लेकीला काय झालंय गं?"

"चक्कर आली," आई म्हणाली.

"व्हय, उन्हानं व्हतंय असं," म्हातारी म्हणाली. ते थंडीचे दिवस होते. तिने सगळं ओळखलं असणार आणि वर ऊन दिलं. अशीही माणसं असतात.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरच्या सिस्टर सलाईन बदलायला आल्या. त्यांनी पडदा ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "बाहेर तुझ्या कॉलेजची माणसं आलीत, काय झालंय विचारतात. काय सांगू? तू म्हणशील तेवढंच सांगते." इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डोळ्यांतून जे पाणी सुटलं ते थांबेना. सिस्टरना वाटलं सुई दुखली.

आलेली माणसं म्हणजे कदम सर. मी त्यांना आत बोलावलं. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"रोहिणीने तुला कुशीवर वळवलं," ते म्हणाले. "बाकीचे चप्पल काढत होते. तिने कुणाला हात लावू दिला नाही. मी सांगितलं होतं म्हणून, मंगल. मी तुझ्या भल्यासाठीच..."

हे खरं होतं आणि तेच मला सोसत नव्हतं. ज्या बोलण्याने माझं सगळं गेलं, त्याच बोलण्याने माझा जीवही वाचला असेल. मी म्हणाले, "सर, मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं. वर्गात उभी राहून सांगितलं असतं."

"असतंस?"

"माहीत नाही. पण ते मी ठरवलं असतं."

सर आईला नमस्कार करून गेले. मी त्यांना पूर्ण माफ केलं, असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं होणार नाही. आज मी गावातल्या अंगणवाडीत काम करते. एखादी आई पदराआडून सांगते, "बाई, ह्याला झटका येतो." मी झटक्यात काय करायचं ते तिला दाखवते, आणि मग विचारते, "मदतनीस बाईंना सांगू का? अजून कुणाला सांगू?" ती नाही म्हणाली तर नाही. मग ती दोन-चार दिवसांनी आपणच येते आणि सांगा म्हणते. आजार तिच्या लेकराचा आहे, आणि लेकरू मोठं होईपर्यंत तो शब्द तिच्या ताब्यात राहिला पाहिजे.

*

सर गेल्यावर मी आईला म्हणाले, "आता तात्यांना कळणारच."

आई माझ्या पायावरची चादर सारखी करत होती. "मला कवाच कळलं हुतं," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? डबा रिकामा यायला लागला तवाच कळलं."

"आई, मी तर सगळं संपवून..." मी बोलता बोलता थांबले. कुत्र्यांचं तोंडावर आलं होतं.

"जेवान संपलं हुतं गं. पर आत काय नसायचं. लिंबू न्हाय, मिरची न्हाय. पहिल्या दिवशी म्हनलं, पोरगी इसरली आसंल. मग रोजच. मी म्हनलं, आता हिच्या डब्याला कुणी हात लावत न्हाय."

मी भाकरी लपवायला इतकी जपले आणि लिंबांचं मला सुचलंच नव्हतं.

"मग चौघींचं का पाठवत होतीस?"

"भाकरी कमी केल्या आस्त्या तर तुझ्या तात्यांनी इचारलं नसतं व्हय?" आई म्हणाली. "आन् बाजारातनं मीच दोन लिंबं आनून ठिवायची, त्यांना दिसाय पायजेत म्हनून." मग तिने पदराने माझं तोंड पुसलं, रडत मात्र तीच होती.

तात्या त्या संध्याकाळी आले. मी जिन्यात पडले ते अख्ख्या कॉलेजने पाहिलं होतं, त्यामुळे कुणी काही सांगायची गरज नव्हती. ते रागावले नाहीत. माझ्या कपाळावरच्या टाक्यांकडे बघत म्हणाले, "आठ दिस घरी ऱ्हा. मग बघू." प्रात्यक्षिक परीक्षा अजून लांब होती. डॉक्टर प्राचार्यांशी स्वतः बोलणार होते. मी त्या ‘मग बघू’ला घट्ट धरून बसले.

*

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी आम्ही दुपारच्या गाडीसाठी स्टँडवर आलो. माझ्या मांडीवर डबा होता, आई दवाखान्यात जेवण आणायची तोच. तात्या पुढे जागा धरायला गेले. तेवढ्यात सायकल लावून रोहिणी धावत आली. तिने आईला पहिल्यांदाच बघितलं. वाकून पाया पडली. माझ्याकडे बघायला तिला जड जात होतं, मलाही.

तिने डब्याचं झाकण काढलं, ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि लिंबं आत टाकली, मूठभर मिरच्या टाकल्या. झाकण लावून म्हणाली, "येताना शेंगाची चटणी आण. लई दिवस झालं." आणि मग तिला रडू कोसळलं.

मी म्हणणार होते, आणते. पुढच्या आठवड्यात आणते. पण आईने माझ्या आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"लिंबं नेते मी, पोरी," आई म्हणाली. "पर आता ह्यो डबा हिकडं यायचा न्हाय."

मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. कधी ठरलं, कुणी ठरवलं, तात्यांनी की दोघांनी, मला कुणी विचारलं नव्हतं.

गाडी सुटली. इंजिनाच्या झाकणावर परतीचे डबे ओळीने बांधून ठेवले होते, दुसऱ्या दिवशी भरून पुन्हा यायचे होते ते. आमचा डबा आईच्या मांडीवर होता. वाटेतलं जंक्शन गाव मागे पडलं तरी, खड्डा आला की त्यातली लिंबं वाजत होती.